बोली घरची, गोष्ट मुलांची: वाचनालयात डिजिटल गोष्टी कशा तयार कराव्यात

खान्देशातल्या बहुतेक वाचनालयांच्या बालविभागात गोष्टींची पुस्तकं बऱ्यापैकी असतात. पण अहिराणीतलं पुस्तक शोधायला गेलात तर फार थोडी हाती लागतात. लेवा बोली, गुजरी, पावरी, भिलोरी, मावची यांची अवस्था त्याहून बिकट. मूल घरी ज्या बोलीत भांडतं, हसतं, झोपताना गोष्ट ऐकतं, त्या बोलीचं कपाटच वाचनालयात नाही. ते विकत आणावं म्हटलं तरी आणणार कुठून? ती पुस्तकं छापलेलीच नाहीत.

हे कपाट मुलांच्या हातून भरता येतं आणि त्याला एक साधा मोबाईल पुरतो. वाचनालयात डिजिटल गोष्टींचा उपक्रम घ्यावा असं मला वाटतं ते यासाठी. ग्रंथपाल, बालविभाग सांभाळणारे कार्यकर्ते आणि सुट्टीत मुलांसाठी वेळ देऊ शकणारे शिक्षक यांच्यासाठी हा लेख आहे. सार्वजनिक ग्रंथालयांच्या अ, ब, क, ड वर्गांपैकी अगदी ड वर्गातलं, एका खोलीचं वाचनालयही हे करू शकतं.

नेमकं काय करायचं आहे

दोन ते तीन मिनिटांची गोष्ट. आवाज मुलाचा स्वतःचा, शब्दही त्याचेच, आणि सोबत दहा-पंधरा चित्रं किंवा फोटो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकात डेना ॲचली आणि जो लँबर्ट यांनी ही पद्धत रुजवली. सामान्य माणसांनी स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग स्वतःच्या आवाजात सांगायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट. प्रोजेक्टरवर कार्टून लावून मुलांना गप्प बसवणं याच्याशी तिचा काही संबंध नाही. मूल इथे सांगणारं असतं.

क्रम पक्का ठेवा: आधी ऐकणं, मग सांगणं, मग लिहिणं, मग आवाज, मग चित्रं, आणि जोडणी सगळ्यात शेवटी. मोबाईल पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात दिला की ती फिल्टर आणि इफेक्टमध्ये रमतात आणि गोष्ट राहून जाते.

वेळ आणि मुलं

आपल्याकडे यासाठी सगळ्यात चांगला मुहूर्त आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा. आखाजीला लेकी-सुना माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. घरात सांगणारी माणसं इतकी जास्त असण्याचे दिवस वर्षात थोडेच. मुलांना आखाजीतच घरी ऐकायला सांगा आणि सुट्टीत वाचनालयात काम सुरू करा. मात्र मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून बैठक सकाळी साडेसातला सुरू करून दहाच्या आत मुलांना घरी सोडा. दिवाळीची सुट्टीही चालते, पण ते कापूस वेचणीचे दिवस असतात. शेतकरी आणि मजूर घरांतली मुलं तेव्हा शेतात असतात, आणि नेमकी हीच मुलं आपल्याला हवी आहेत. पालकांना विचारूनच तारखा ठरवा.

नऊ ते तेरा वर्षांची आठ-दहा मुलं एका गटात पुरेत. हुशार, स्टेजवर बोलणाऱ्या मुलांचीच निवड करू नका. शाळेत बोली बोलली म्हणून जे मूल ओशाळं झालेलं असतं, त्याच्याकडे बरेचदा सगळ्यात भरलेली गोष्ट असते. सहा-सात बैठकांत एक गट पूर्ण होतो. प्रत्येक बैठक दीड-दोन तासांची.

साहित्य: एक बरा मोबाईल, शक्य झालं तर काही शे रुपयांचा कॉलर माईक, एक संगणक, कागद, खडू, पेन्सिली. संगणक नसेल तर जोडणीही मोबाईलवर होते. वीज जाते हे गृहीत धरून पॉवर बँक जवळ ठेवा आणि सगळं काम इंटरनेटशिवाय चालेल असं बेता.

पहिली पायरी: कान तयार करणं

पहिल्या बैठकीत फक्त ऐकायचं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह कितीतरी भाषांतल्या चित्रगोष्टी मोफत आहेत. त्या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे डाउनलोड करून, श्रेय देऊन वाचनालयात दाखवता येतात. एखादी गोष्ट पडद्यावर लावा आणि तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा. मग तीच गोष्ट पडदा बंद करून एखाद्या आजीला बोलीत सांगायला लावा. दोन्हींत काय वेगळं वाटलं हे मुलांना विचारा. आजी मध्येच थांबली, आवाज खाली आणला, कुणाकडे तरी बघून बोलली, हे सगळं मुलं अचूक टिपतात. पुढे स्वतःचा आवाज मुद्रित करताना त्यांना हेच उपयोगी पडतं.

घरी न्यायला एक काम द्या, पण ‘आजीला गोष्ट विचारून ये’ असं मोघम सांगू नका. आजी म्हणते, माले काय येस? आणि विषय संपतो. नेमका प्रश्न द्यावा. तुमच्या लहानपणी बिबड्या (ज्वारीचे पापड) कोण राखायचं? कानबाई या देवीच्या सणाचे रोट करताना घरात काय चालायचं नाही? तापीला पूर आला तेव्हा तुम्ही कुठे होतात? गावातल्या कुठल्या झाडाखाली रात्री जायला घाबरायचे? सारंगखेड्याच्या यात्रेतून पहिल्यांदा काय आणलं? सातपुड्याच्या पायथ्याची मुलं असतील तर होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराबद्दल, होळीच्या रात्रीबद्दल विचारू द्या. प्रश्न त्यांच्याच बोलीत लिहून द्या. ‘मंग काय व्हयनं?’ (मग काय झालं?) हा एक प्रश्न सगळ्यांना पाठ करून घ्या. सांगणारा थांबला की एवढंच विचारायचं.

एक सावधगिरी बाळगा. आदिवासी समाजांतल्या काही कथा-गाणी ठरावीक विधीच्या वेळीच गायली जातात. त्या मुद्रित करायच्या की नाही, हे त्या समाजातल्या जाणत्यांना विचारून ठरवा. ते नको म्हणाले तर तिथेच थांबा.

दुसरी पायरी: रिंगण

सगळे जमिनीवर गोल बसा, तुम्हीही. प्रत्येकाने घरून आणलेली गोष्ट न लिहिता तोंडी सांगायची. ऐकणाऱ्यांनी दोनच गोष्टी करायच्या: हुंकार द्यायचा आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा. ‘छान आहे’, ‘असं नको’ असले शेरे कुणी द्यायचे नाहीत.

इथे घाई करू नका, कारण गोष्ट प्रश्नांतूनच उमलते. समजा एक मुलगी म्हणाली, ‘उन्हाळ्यात आम्ही गावी खूप मजा केली.’ हे निबंधाचं वाक्य झालं, त्यात गोष्ट नाही. कुणीतरी विचारतं, मजा म्हणजे काय केलं? ती सांगते, आजीने बिबड्या केल्या. कुठे? धाब्यावर (घराच्या मातीच्या सपाट छतावर). तू काय करत होतीस? आता ती सरसावून बसते. पहाटे आजीने ज्वारीचा घाटा शिजवला, ओल्या धोतरावर थापला, आणि तिला काठी देऊन राखणीला बसवलं. कावळे हाकलता हाकलता अर्धवट सुकलेल्या बिबड्या तिनेच खाल्ल्या, आणि आजीने विचारलं तेव्हा कावळ्याचं नाव सांगितलं. आजीला ते कळलं होतं, पण ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने काठीबरोबर घाट्याची वाटी पण दिली. गोष्ट ही. तिला एक वस्तू आहे, एक वळण आहे, आणि मुलीने तोवर कुणाला न सांगितलेलं काही तिच्यात आहे.

प्रत्येक मुलासाठी तुम्ही तीन गोष्टी शोधत आहात: एक ठळक वस्तू किंवा जागा, जिथे काहीतरी बदललं तो क्षण, आणि ही गोष्ट त्यालाच का सांगायची आहे याचं कारण. कारण मुलाला शब्दांत सांगता येईलच असं नाही. पण कोणत्या वाक्याला त्याचा आवाज बदलतो, तिकडे लक्ष ठेवा.

गोष्ट इतिहासाला किंवा एखाद्या ठिकाणाला भिडत असेल तर मुलाला कपाटाकडे न्या. नंदुरबारचं मूल ९ सप्टेंबर १९४२ला गोळीबारात हुतात्मा झालेल्या शिरीषकुमारबद्दल पणजोबांनी सांगितलेलं काही सांगत असेल, किंवा एरंडोलजवळच्या फरकांड्याचे झुलते मनोरे कसे हलायचे याची ऐकीव गोष्ट असेल, तर पुस्तकात काय दिलंय ते त्याने वाचावं. दोन्हींत फरक निघाला तर ‘आजोबा असं सांगतात, पुस्तकात असं आहे’ असं गोष्टीतच म्हणावं. वाचनालयात हा उपक्रम करण्याचा एक मोठा फायदा इथे मिळतो.

तिसरी पायरी: लिहिणं

तोंडी सांगून झालं की लगेच लिहायला बसवा. अडीचशे ते तीनशे शब्द. मुलं साधारण मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्द बोलतात, तेव्हा तेवढ्यात दोन ते तीन मिनिटं होतात. लिहिताना मुलं आपोआप शाळेच्या भाषेकडे वळतात. ‘माझी आजी धाब्यावर बिबड्या टाकत असे’ असं लिहिलेलं दिसलं तर चूक म्हणू नका, फक्त विचारा, तू आत्ता रिंगणात कसं म्हणालीस? मग ती लिहिते: ‘आजी धाबावर बिबड्या टाके, मी काठी लिसन कावळा हाकलू.’ हे असंच राहू द्या. बोलीचं शुद्धलेखन ठरलेलं नाही, म्हणून कानाला जसं येतं तसं देवनागरीत लिहावं. एका मुलाच्या लिखाणात एक शब्द एकाच पद्धतीने आला म्हणजे झालं.

मोठ्यांनी गोष्टीत तात्पर्य घुसवू नये. ‘म्हणून आपण कधी खोटं बोलू नये’ हे वाक्य मूल तुम्हाला खूश करायला लिहितं. ते काढायला सांगा.

चौथी पायरी: आवाज

चित्र थोडं धूसर असलं तर मुलं सांभाळून घेतात, पण आवाज घुमला की मिनिटभरात उठून जातात. म्हणून सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या.

पत्र्याच्या छताच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. वाचनालयात मात्र उत्तम जागा हाताशी आहे: पुस्तकांनी भरलेल्या दोन कपाटांच्या मधली बोळकंडी. पुस्तकं आवाज शोषतात. खाली सतरंजी घाला, मुलाच्या पाठीमागे एक गोधडी लटकवा. मुद्रणाच्या पाच-सात मिनिटांपुरता पंखा बंद करा. उकडतं म्हणूनही सकाळची वेळ बरी. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. तोंडापासून वीतभर अंतरावर, समोर न धरता थोडा बाजूला ठेवा, म्हणजे ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका माईकवर बसत नाही. आधी दहा सेकंद कुणीही न बोलता नुसती शांतता मुद्रित करा. पुढे दोन वाक्यांच्या मध्ये जागा भरायला ती कामी येते.

मूल कागद बघून वाचायला लागलं की आवाज मरतो. याला एक खात्रीचा उपाय आहे. समोर त्याचा मित्र बसवा आणि गोष्ट त्यालाच सांगायला लावा. मित्राने हुंकार द्यायचा, पण आवाज न करता, फक्त मान हलवून. कागदावर पूर्ण वाक्यांऐवजी मोठ्या अक्षरात आठ-दहा खुणेचे शब्द असू द्या: काठी, कावळा, धोतर, वाटी. अडखळलं तर मुद्रण थांबवू नका. ‘ते वाक्य परत सांग’ म्हणा आणि पुढे चला, चुकलेला भाग नंतर कापता येतो. दोन-तीनदा सांगून झालं की थांबा, कारण त्यानंतर मूल कंटाळतं आणि पहिल्या वेळचा ताजेपणा परत येत नाही.

आजीचा आवाजही गोष्टीत घेता आला तर जरूर घ्या. एखादं वाक्य, एखादी ओवी पुरे. तो घरीच मुद्रित करावा, तिच्या ओळखीच्या जागी.

पाचवी पायरी: चित्रं

मुलांनी हाताने काढलेली चित्रं पहिली पसंती. गोष्टीचे बारा-पंधरा तुकडे पाडा आणि प्रत्येकाला एक चित्र ठरवा. एक चित्र पडद्यावर आठ-दहा सेकंद टिकतं, कधी जास्तही चालतं. आवाज जे सांगतोय तेच चित्रात परत काढायची गरज नाही. आवाजात कावळा आला तर चित्रात नुसती रिकामी झालेली धोतराची कड दाखवा. मुलांना हे एकदा जमलं की ती सुटतातच.

कागद आडवा घ्या, कारण पडदा आडवा असतो. चित्राचा फोटो खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या ठिकाणी काढा. मोबाईल कागदाला समांतर धरा आणि आपली सावली पडत नाही ना ते बघा. वस्तूंचे फोटोही सुंदर येतात: खापर, सूप, बैलाचा घुंगुरमाळेचा पट्टा, आजीचे हात.

संगणकाकडून आयती चित्रं बनवून घ्यायचा मोह होईल. मी त्याच्या विरोधात आहे. ‘खेड्यातलं घर’ मागितलं की उतरत्या कौलांचं कुठलंही घर येतं, आपलं धाब्याचं येत नाही. आणि मुलाचा हात त्यातून निघूनच जातो.

सहावी पायरी: जोडणी

आवाज कापायला ऑडॅसिटी आणि चित्रं-आवाज जोडायला ओपनशॉट, ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि एकदा टाकली की इंटरनेट लागत नाही. मोबाईलवरची बरीच फुकट ॲप तयार व्हिडिओच्या कोपऱ्यात स्वतःचा शिक्का उमटवतात, ते आधी तपासा. पहिल्यांदा आवाजाची पट्टी टाका, मग ऐकत ऐकत त्याखाली चित्रं बसवा. उलट केलं तर आवाज चित्रांच्या मागे फरपटतो. एका चित्रातून दुसऱ्यात जाताना साधा बदल ठेवा. गिरक्या, चमचम, उडती अक्षरं नकोत. मुलांना दोघा-दोघांच्या जोडीने संगणकावर बसवा आणि माऊस मुलाच्याच हातात राहू द्या.

खाली प्रमाण मराठीत ओळी दिल्या तर पावरीतली गोष्ट जळगावच्या मुलालाही कळते. देवनागरी अक्षरं काही ॲपमध्ये फुटतात, जोडाक्षरं सुटी होतात. सगळ्या ओळी टाकण्याआधी ‘ऱ्हायना’ आणि ‘व्हयनं’ हे दोन शब्द टाकून बघा. ते नीट दिसले तर बाकीचे सहसा दिसतात. नोटो सान्स देवनागरी हा फाँट मोफत आहे आणि पडद्यावर स्वच्छ दिसतो.

हक्क आणि परवानगी

सिनेमातलं गाणं मागे लावू नका. संगीत हवंच असेल तर गावातलं मुद्रित करा: जात्याची घरघर, डफ, पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य), रहाटाचा आवाज. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणावर वारसांचा हक्क असतो. निधनानंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लिखाणाला ही ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरींचं निधन १९५१ साली झालं आणि कवितासंग्रह १९५२ साली आला, म्हणजे त्यांच्या ओळींची मुदत संपली आहे. मुलं त्या आपल्या आवाजात म्हणू शकतात. मात्र त्यांना दिलेली चाल किंवा बाजारातलं ध्वनिमुद्रण वेगळ्या हक्काखाली येतं, ते उचलू नये. लोककथेवर कुणा एकाचा हक्क नसतो, तरी ज्या आजीने सांगितली तिला विचारून शेवटी तिचं नाव द्या.

मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी परवानगी घ्या. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. साध्या मराठीत एक पान करा आणि तीन प्रश्नांना वेगवेगळी सही ठेवा: गोष्ट वाचनालयात दाखवायची का, पेन ड्राइव्हवर इतरांना द्यायची का, इंटरनेटवर टाकायची का. बऱ्याच आया पहिल्या दोनला हो म्हणतात, तिसऱ्याला नाही. त्याचा मान राखा. सही येत नसेल त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. इंटरनेटवर जाणाऱ्या गोष्टीत मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि चेहरा एकत्र येऊ देऊ नका. आणि मूल स्वतः ‘नको’ म्हणालं तर पालकांची सही असली तरी ती गोष्ट बाहेर जाता कामा नये.

दाखवणं आणि सांभाळणं

सुट्टीतच, मुलांच्या आठवणीत गोष्ट ताजी आहे तोवर वाचनालयात कार्यक्रम ठेवा. पुन्हा १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला दाखवता येतील. ज्यांनी घरी गोष्ट सांगितली त्या आजी-आजोबांना पुढच्या रांगेत बसवा. प्रोजेक्टर नसेल तर शाळेचा मागा, आणि आवाजासाठी चांगला स्पीकर ठेवाच. बक्षिसं ठेवू नका. क्रमांक लागले की पुढच्या वेळी मुलं परीक्षकांना आवडेल ते सांगतात.

कार्यक्रमानंतर जे काम उरतं ते ग्रंथपालाचं खास काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जातं. प्रत्येक गोष्टीची पुस्तकासारखी दाखल नोंद करा. दाखल क्रमांक, गोष्टीचं नाव, मुलाचं नाव, ज्याच्याकडून ऐकली त्याचं नाव, गाव, बोली, तारीख, परवानगी कुठपर्यंत आहे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग दाखल क्रमांक येऊ द्या. मूळ आवाजाची न कापलेली फाइलही जपा. आज कापून टाकलेली आजीची पाच मिनिटं उद्या बोलीचा अभ्यास करणाऱ्याला सगळ्यात मोलाची वाटतील. दोन प्रती ठेवा: एक वाचनालयाच्या संगणकावर, दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत. वर्षातून एकदा दोन्ही उघडून बघा.

मुलांच्या लिहिलेल्या गोष्टी आणि चित्रं एकत्र शिवून एक हातबांधणीचं पुस्तक करा, त्यालाही दाखल क्रमांक द्या आणि इतर पुस्तकांसारखं घरी न्यायला द्या. मुखपृष्ठावर क्यूआर कोड चिकटवला तर इंटरनेटवर असलेली गोष्ट मोबाईलवर ऐकता येते. बाकीच्यांसाठी देवघेवीच्या टेबलावर हेडफोन लावलेला एक जुना मोबाईल पुरतो.

पुढच्या गटाला शिकवायला याच गटातली दोन मुलं घ्या. माईक कुठे धरायचा आणि पंखा कधी बंद करायचा हे ती तुमच्यापेक्षा नीट सांगतात.